केस हाताबाहेर जाण्याआधी...

मागच्या दिवाळीत मी आणि माझा धाकटा भाऊ महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून गोंदियाला निघालो. ही गाडी ज्यांनी केलीये त्यांना माहितीये, रात्र संपते, दुसरा दिवस संपत येतो, पण महाराष्ट्र काही संपत नाही. एवढ्या वेळात भावाने डोक्यावरची टोपी एकदाही काढली नाही. झोपतानासुद्धा! वय वर्षं २६, हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, पगार झकास. आणि टोपीखाली? ते मला घरी पोचल्यावर कळलं. दार उघडल्या उघडल्या आईने विचारलं, ''काहून रे, घरातपण टोपी?'' आणि सरळ उचललीच. मग ती काही बोलली नाही. आमच्या आईचं काही न बोलणं फार वाईट असतं.

प्रॉब्लेम असा होता की भाऊबीजेनंतर तिरोड्याहून एक स्थळ येणार होतं आणि त्यांच्याकडे गेलेल्या बायोडेटावरचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. फोटोत भरगच्च केस. प्रत्यक्षात कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलेलं आणि माथ्यावर दिवाळीच्या लायटिंगमध्ये चकाकेल एवढी मोकळी जागा.

हसू नका. मीही हसले नाही, कारण माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला होता. बरी झाले, ऑफिसांचे उंबरे पुन्हा झिजवायला लागले आणि दोनेक महिन्यांनी बाथरूमच्या जाळीत केसांचा अक्षरशः बोळा दिसायला लागला. कंगवा फिरवला की मूठभर. मी शॅम्पू बदलला, मग पाणी बदललं (बोअरचं पाणी हा पुण्यातल्या प्रत्येक भाडेकरूचा आवडता संशयित), मग उशीचा अभ्राही बदलला. केस गळतच राहिले.

घरी सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आईने टोरीचं तेल काढलं. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्या झाडीपट्टीत हे तेल दुखऱ्या गुडघ्यापासून दिव्यापर्यंत सगळीकडे चालतं. आत्याने कांद्याचा रस सांगितला. शेवटी तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

बाईंनी एक छोटी दुर्बीण दोघांच्या डोक्यावर फिरवली आणि दोन मिनिटांत सांगितलं की तुम्ही भाऊ-बहीण असलात तरी तुमचं गळणं भाऊ-बहीण नाही.

तुमचं गळणं कोणतं?

इथे थोडं सायन्स, पण कंटाळू नका. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल. पण शरीराला मोठा धक्का बसला (डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा लग्नाआधीचं क्रॅश डाएट) की वाढणारे केस एकदम रजेवर जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणजे आज गळणाऱ्या केसांचा गुन्हेगार आजचा शॅम्पू नसतोच, तो तीन महिन्यांपूर्वीच्या कॅलेंडरवर शोधायचा. माझा ऑगस्ट तिथे सापडला. असं गळणं बहुतेकांचं सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं. फक्त लोह, थायरॉइड, बी-१२ बघून घ्यायचं. माझं फेरीटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला निघाला. (चहा-बिस्किटावर डेडलाइन काढणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती महत्त्वाची. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. इथे अशक्तपणा म्हणजे लोहाची कमतरता असं डोळे झाकून धरता येत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह उलट जास्तही साठू शकतं. म्हणून केसांसाठी म्हणून मेडिकलमधून आयर्नच्या गोळ्या आणण्याआधी टेस्ट करा.

भावाचं प्रकरण वेगळं. त्याचे केस गळत कमी होते, बारीक जास्त होत होते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. ज्यांच्या जीन्समध्ये ही संवेदनशीलता आहे त्यांच्या कपाळाच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळं या डीएचटीमुळे दर फेरीला आणखी आकसतात. जाड केसाच्या जागी बारीक, मग लव, मग काहीच नाही. मागच्या आणि कानाजवळच्या केसांवर याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून टकलाला ती झालर राहते. 'मामाला टक्कल म्हणजे भाच्याला' हे अर्धसत्य आहे. एक महत्त्वाचं जीन आईकडून येतं खरं, पण बाकीची बरीच दोन्हीकडून येतात. आमचे मामा ७० व्या वर्षीही केस विंचरतात. बाबांचं मात्र विचारू नका. मुलींनाही हे होतं, फक्त त्यांचा भांग रुंद होत जातो. सोबत पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची तपासणी हवी.

तिसरा प्रकार म्हणजे चाई. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा एका रात्रीत पडल्यासारखा. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. किडा वगैरे काही नसतो आणि तिथे लसूण घासून कातडी भाजण्यात अर्थ नसतो. चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. फार पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

शेगावचं काय झालं होतं?

येताना गाडी शेगावला थांबली तेव्हा भावाने खिडकीतून बघत विचारलं होतं, ''ते टक्कलवालं गाव इथलंच ना?'' इथलंच. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत आधी डोक्याला खाज, मग केस हातात आणि तीन-चार दिवसांत टक्कल! १८ गावांतली २७९ माणसं. कॉलेजच्या पोरीसुद्धा. शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं अडली, अनेकांनी लाजेपोटी डोकं सरळ भादरून घेतलं. आधी पाण्यावर संशय गेला. आयसीएमआरची टीम आली. मग विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट सेलेनियम आहे. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, झिंक मात्र घटलेलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं त्यांचं म्हणणं होतं.

सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमूटभराच्याही चिमूटभर. जास्त झालं की केस जातात. आता तुमच्या ड्रॉवरमधल्या 'हेअर गमीज'चं लेबल वाचा. बऱ्याच ब्रँड्समध्ये सेलेनियम असतं! २००८ मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये ते चुकून भरमसाट पडलं आणि सुमारे २०० जण आजारी पडले, त्यातल्या अनेकांचे केस गेले. मल्टिव्हिटॅमिन, गमीज आणि प्रोटीन शेक एकाच वेळी घेणाऱ्यांनी एकदा बेरीज करून बघावी. बायोटिनचंही तसंच. त्याची कमतरता मुळात क्वचितच असते आणि जास्त डोस घेतला तर थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

आता उपाय

भावाने दवाखान्यात एक कबुली दिली. पुण्यातल्या एका चकाचक सेंटरमध्ये त्याने १२ सिटिंग्जचं पॅकेज घेतलं होतं. ४८ हजार, हप्त्यांवर. डॉक्टर एकदाही भेटले नाहीत, भेटली ती 'काउन्सेलर'. आधीचे-नंतरचे फोटो दाखवणारी. वर दिलेल्या बाटलीवर औषधाचं नावच नाही. आई बाहेर बाकावर बसली होती, म्हणून तो हळू आवाजात बोलत होता. त्याला केसांपेक्षा या पैशांचीच जास्त लाज वाटत होती, असं मला वाटलं.

बाईंनी त्याला सरळ हिशेब सांगितला. खात्रीची औषधं दोन. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले म्हणून त्याचं लोशन झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत केस आणखी गळतात आणि निम्मे लोक तिथेच घाबरून सोडतात, हा माझ्या मित्रमंडळींवरून काढलेला अंदाज. फरक कळायला चार ते सहा महिने जातात. बंद केलं की मिळालेलं हळूहळू परत जातं. दुसरं फिनास्टराइड. ही गोळी डीएचटी कमी करते, केसांसाठी १९९७ पासून वापरात आहे. काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, मूड ढासळतो. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा साइड इफेक्ट असल्याचं मान्य केलं. म्हणजे ही डॉक्टरांशी बोलून घ्यायची गोळी आहे, मित्राच्या पाकिटातून नाही. गरोदर बाईने तर तुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं, काहींना मदत करतात. पण ते जोडीला, एकटं नाही.

आणि ट्रान्सप्लांट? आमच्याकडच्या माणसाला हे चटकन समजतं, कारण ही रोवणीच आहे. नर्सरीतून पऱ्हे काढायचे आणि बांधीत लावायचे. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत म्हणून तिथली मुळं पुढे लावतात. फरक एवढाच की भाताचे पऱ्हे दरवर्षी नवे टाकता येतात, डोक्यामागची नर्सरी एकदाच मिळते. २६ व्या वर्षी सगळी पुढे लावून टाकली आणि चाळिशीत मधली बांधी रिकामी झाली, तर काय लावणार? शिवाय ही सर्जरी आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्यानंतर मृत्यू झाला. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट केलं की वर्कशॉपला बसून किंवा यूट्यूब बघून कोणी हेअर ट्रान्सप्लांट सर्जन होत नाही. तेव्हा डिग्री विचारा, लाजू नका.

भावाने मिनॉक्सिडिल सुरू करायचं ठरवलं, गोळीचं लग्नानंतर बघू म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने टोपी न घालता फोटो काढून घेतला, माझ्याकडूनच, आणि तो तिरोड्याला पाठवला. सोबत मेसेज: 'आधीचा फोटो जुना आहे.' दोन तास उत्तर आलं नाही. आई चकल्या तळत होती आणि दर पाच मिनिटांनी फोनकडे बघत होती. मग उत्तर आलं, रविवारी येतो.

आले. पोहे, चहा, चकल्या झाल्या. मुलीने भावाला काय विचारलं असेल? पुण्यात घर स्वतःचं की भाड्याचं. पुढचं बोलणं अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहिणार नाही.

परतीच्या गाडीत टोपी बॅगेत होती. मिनॉक्सिडिलची बाटलीही तिथेच होती, झाकण सैल. अकोल्यापर्यंत अर्धी टोपीनेच पिऊन टाकली होती.