तेलविहिरींचा विंधनखर्च

तेलविहिरीचा विंधनखर्च मुख्यत्वे दोन निर्णयांवर अवलंबून असतो : खडक कापणाऱ्या बिटची निवड आणि विहिरीची रचना. भारतात या प्रश्नाचे महत्त्व मुंबई हाय या तेलक्षेत्रात प्रकर्षाने जाणवते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी अंतरावर, अरबी समुद्रात असलेले हे क्षेत्र १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने केलेल्या विंधनातून सापडले. तेथील उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले.

शेतातील बोअरवेलचा दर फुटावर ठरतो. समुद्रातील रिगचे भाडे मात्र सामान्यतः दिवसावर आकारले जाते आणि खोदकाम थांबले तरी ते चालूच राहते. म्हणून येथे पैशापेक्षा वेळेचा हिशेब आधी करावा लागतो.

बिटची निवड

रोलर बिटला तीन फिरते दातेरी शंकू असतात व ते खडक चिरडतात. हे बिट स्वस्त असते, पण त्याची बेअरिंगे झिजतात. पीडीसी बिटमध्ये फिरते भाग नसतात; त्यावरील कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या खडक खरवडतात. शेल व मऊ चुनखडकात ते वेगाने चालते, पण गारगोटीसारखा कठीण थर लागल्यास चकत्या तुटतात. बिट बदलायचे म्हणजे खोदनळ्यांची संपूर्ण माळ वर काढून पुन्हा खाली सोडावी लागते. त्यामुळे हिशेब असा करतात :

प्रतिमीटर खर्च = [बिटची किंमत + रिगचा ताशी खर्च × (खोदण्याचे तास + बदलाचे तास)] ÷ खोदलेले मीटर

उदाहरणादाखल रिगचा ताशी खर्च ३ लाख रुपये व बदलाचा वेळ ८ तास धरू. १० लाखांच्या रोलर बिटने २० तासांत २०० मीटर खोदले, तर मीटरला ४७,००० रुपये पडतात. ३६ लाखांच्या पीडीसी बिटने ६० तासांत ६०० मीटर खोदले, तर ४०,०००. मात्र तेच बिट ३० तासांत, ३०० मीटरवर निकामी झाले, तर ५०,०००. महाग बिट परवडते की नाही, हे अशा रीतीने खडकावर ठरते. शेजारच्या जुन्या विहिरींच्या नोंदी याच कारणाने मोलाच्या असतात.

विहिरीची रचना

विहीर खाली अरुंद होत जाते. ठरावीक खोलीपर्यंत खोदून पोलादी नळ्यांचे अस्तर, म्हणजे केसिंग, उतरवतात व सिमेंटने पक्के करतात. पुढचे बिट त्यातून जाईल एवढेच असते. अस्तराचा एक टप्पा वाचला, तर पोलाद, सिमेंट व रिगचे दिवस वाचतात. परंतु विहिरीतील चिखलाचा दाब थरातील द्रवाच्या दाबापेक्षा अधिक आणि खडक फुटण्याच्या दाबापेक्षा कमी राहावा लागतो. ही मर्यादा सांभाळता येत नसेल तेथे टप्पा वगळणे ही काटकसर नव्हे. दाब कमी पडल्यास वायू उसळून वर येऊ शकतो, अधिक झाल्यास चिखल भेगांत नाहीसा होतो.

मुंबई हायच्या पुनर्विकासात जुन्या विहिरींना बाजूने नवी शाखा फोडण्याची पद्धतही वापरली गेली. वरचा भाग पुन्हा उपयोगात येत असल्याने खर्च घटतो. मात्र जुन्या अस्तराचा व्यास शाखेच्या बिटचा आकार मर्यादित करतो आणि त्यामागील सिमेंटची अवस्था आधी तपासावी लागते.