वस्तरा निघाला परदेशी

देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळावर पहाटेची रांग. कमरेचे पट्टे उतरतात, लॅपटॉप बाहेर येतात, ट्रे सरकत सरकत यंत्रात शिरतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर प्रत्येक बॅगेचे रंगीत चित्र उमटते. कपडे, साबण, आईने दिलेले लाडू हे सगळे नारिंगी. धातू निळा. एखाद्याच्या दाढीच्या पिशवीत वस्तरा असलाच तर तो लपत नाही. पात्याची पाठ जाड असल्याने तिची गडद निळी रेघ दिसते आणि धारेकडे पाते इतके पातळ होत जाते की निळा रंगही विरळ होतो. पडद्यासमोर बसलेल्या सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, जवानाला ती रेघ पुरते. पट्टा थांबतो आणि विचारणा होते, “ही बॅग कुणाची?”

वस्तरा आता न्हाव्याच्या धोकटीतच असतो असे राहिलेले नाही. सलूनमध्ये तर तो अस्सल रूपात फारसा दिसतही नाही. एड्सच्या भीतीनंतर गिऱ्हाइकागणिक नवे पाते हा रिवाज पडला. साधे दुधारी ब्लेड मधोमध मोडायचे, अर्धे मुठीत सरकवायचे आणि काम झाले की टाकून द्यायचे. एकसंध पात्याचा, दगडावर धार लावायचा आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा जुना वस्तरा मात्र हौशी लोकांच्या हाती गेला. जर्मनीतले झोलिंगेन आणि इंग्लंडमधले शेफील्ड ही त्यांची तीर्थक्षेत्रे. कुणी तिथून वस्तरा मागवतो, कुणाला आजोबांच्या ट्रंकेत सापडतो. आणि मग एक दिवस त्या वस्तऱ्यासह विमान पकडायची वेळ येते.

नियम सोपा आहे. वस्तरा हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात सोडायच्या बॅगेत चालतो. भारतात हे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, ठरवतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्येही वस्तऱ्याचा नियम हाच. काडतुसात बंदिस्त पाती असलेला साधा वापरून फेकायचा रेझर वर नेता येतो, कारण त्यातले पाते सुटे करून हातात धरणे कठीण. गंमत अशी की पॉवर बँकेचा नियम नेमका उलटा आहे. ती पेट घेऊ शकते म्हणून ती माणसांजवळच हवी, पोटातल्या सामानात नको. त्यामुळे सामान भरताना एक वस्तू खाली आणि दुसरी वर, अशी वाटणी करावी लागते.

हा सगळा पहारा आला कुठून? १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ साली बीसीएएस जन्माला आला, तोही आधी केवळ एक कक्ष म्हणून. १९८७ मध्ये तो स्वतंत्र विभाग झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले आणि पुढच्याच वर्षी जयपूरपासून विमानतळांची राखण सीआयएसएफकडे जाऊ लागली. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पर्यंत चार इंचांहून लहान पात्याची सुरी विमानात नेता येत असे. हे आज सांगितले तर तरुण प्रवाशाला थाप वाटेल.

२०१३ साली अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा प्रशासनाने, टीएसएने, सहा सेंटिमीटरपर्यंतच्या लहान सुऱ्यांना पुन्हा परवानगी द्यायचे ठरवले होते. त्या सवलतीतूनही रेझरची पाती वगळलेली होती. प्रमुख जॉन पिस्टोल यांचे म्हणणे असे की या वस्तूंशी लोकांच्या भावना फार जोडलेल्या आहेत. म्हणजे प्रश्न लांबीचा नव्हता, आठवणीचा होता. हवाई सेवकांच्या संघटनांनी विरोध केल्यावर सगळाच बेत जून महिन्यात बारगळला. युरोपात आज सहा सेंटिमीटरपर्यंतची सुरी वर नेता येते, पण रेझरचे पाते नाही.

वस्तऱ्याची ही बदनामी विमानांच्या आधीपासूनची आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने १९२७ साली पिस्तुलांवर परवाना बसवला, तेव्हा सिडनीच्या गुंडांनी पिस्तुले बाजूला ठेवून वस्तरे उचलले. खिशात मावतो, पैशाला परवडतो आणि पोलिसाला सांगायला सबब तयार, दाढीला जातोय! त्या टोळ्यांना नावच पडले ‘रेझर गँग’.

भारतातल्या कायद्याच्या पुस्तकात मात्र वस्तरा अगदीच गरीब आहे. शस्त्रनियमांना काळजी असते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची. वस्तऱ्याचे पाते साधारण तीन इंच लांब. त्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात, पाच अष्टमांश, सहा अष्टमांश अशी. सीमाशुल्काच्या वर्गवारीत तलवारी आणि संगिनी शस्त्रांच्या ९३व्या प्रकरणात बसतात. वस्तरा बसतो ८२१२ या शीर्षकाखाली, एका बाजूला ८२११च्या सुऱ्या आणि दुसऱ्या बाजूला ८२१३च्या कात्र्या. एकाच इमारतीत तपासणीच्या रांगेत जो हत्यार ठरतो, तोच कस्टमच्या टेबलावर घरगुती माल असतो.

आणि पाते सहा सेंटिमीटरचे की तीन इंचांचे, हे सर्वत्र महत्त्वाचे असतेच असे नाही. मार्च २०२२च्या आदेशाने शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण बाळगता येते. पाते सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. म्हणजे वस्तऱ्याच्या दुप्पट. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे घटनेचे २५वे कलमच सांगते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ही मुभा लागू नाही.

जुन्या वस्तऱ्याच्या मालकाने खरी काळजी करावी ती पात्याची नव्हे, मुठीची. एकोणिसाव्या शतकातल्या उंची इंग्रजी वस्तऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या कवचाच्या असत. आजोबांची आठवण म्हणून असा वस्तरा सोडायच्या बॅगेत घेऊन निघालेल्या माणसाला सुरक्षा रक्षक अडवणार नाही, पण वन्यजीव कायदा अडवू शकतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, १९७५ साली अमलात आलेल्या ‘साइट्स’ करारात आशियाई हत्ती सुरुवातीपासून सर्वांत कडक यादीत आहे. आफ्रिकी हत्तीची भर १९८९ साली पडली. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. अमेरिकेने २०१६ मध्ये दारे जवळजवळ लावून घेतली आणि ब्रिटनचा २०१८चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू आहे. वारसा आहे, विकायचा नाही, हा खुलासा कागदाशिवाय चालत नाही.

मूठ कशाची हे ओळखायचे काही ठोकताळे आहेत. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर काळसर ठिपके असतात. सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा असतातच, पण त्या फारच शिस्तीत, एकमेकींना समांतर. शिस्त जास्त दिसली की माल खोटा!

बेंगळुरूहून वस्तरा नेताना एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे भोसले इथे आले, तिसऱ्या केंपेगौडांचा पराभव झाला आणि बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. तेव्हा पात्यांची लांबी कुणी मोजली नव्हती. आता मराठी माणूस केंपेगौडांच्याच घराण्याचे नाव लावलेल्या विमानतळावर तीन इंचांचे पाते मुकाट्याने काउंटरवरच्या बॅगेत टाकतो.

टाकतानाही रीत आहे. पाते मिटून, कापडात घट्ट गुंडाळून, डब्यात ठेवायचे, कारण बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात आधी तिथे जातो. कार्बन पोलाद गंजायला दमट हवेचे निमित्त पुरते, तेव्हा निघण्याआधी पाते कोरडे पुसून तेलाचा हात फिरवावा. अमेरिकेला जाणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. तिथे सामान पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन कस्टम पार करून पुन्हा सोपवावे लागते. त्या मधल्या वेळात वस्तरा काढून सोयीसाठी खांद्यावरच्या पिशवीत टाकला, तर पुढच्या तपासणीत तो गेलाच.

जातो म्हणजे कुठे? वेळ असेल तर प्रवासी काउंटरवर परत जाऊन बॅग सोडू शकतो, किंवा बाहेर थांबलेल्या मेव्हण्याच्या हाती देऊ शकतो. विमान सुटायला वीस मिनिटे उरली असतील तर वस्तरा टाकून द्यायच्या वस्तूंच्या पेटीत. अमेरिकेत अशा पेट्यांतला माल अनेकदा राज्य सरकारांकडे जातो. पेन्सिल्व्हेनिया राज्य तो हॅरिसबर्गच्या गोदामातून विकते. खिशातल्या सुऱ्या, कात्र्या, कॉर्कस्क्रू, सगळे तिथे ढिगाने मांडलेले असते, आणि हौशी लोक त्या ढिगात हात घालून काय सापडते ते बघत असतात.