दोन कॅल्क्युलेटर, दोन उत्तरं – असं का होतं?

गटाच्या बैठकीत कधी कधी असं होतं. सचिवताई टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करतात, कोणाची तरी कॉलेजात जाणारी पोरगी आपल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करते, अन् उत्तर जुळत नाही. मग बायका एकमेकींकडे पाहतात. पैशाची गोष्ट, संशय यायला वेळ लागत नाही.

मागची शिल्लक ३५० रुपये, अन् १२ जणींची प्रत्येकी २०० रुपये बचत, असं समजा. दोन्हीवर ३५०+१२×२०० दाबा. साधा कॅल्क्युलेटर ७२,४०० दाखवेल, सायंटिफिक २,७५०. बरोबर आहे २,७५०. साधा कॅल्क्युलेटर जसं दाबलं तसं करत जातो: आधी ३६२, मग त्याला २०० ने गुणलं. सायंटिफिक मात्र पूर्ण ओळ पाहतो अन् शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ पाळतो, म्हणजे आधी गुणाकार, मग बेरीज. मोबाईलमधलाही बहुतेक असाच चालतो.

म्हणून सायंटिफिकच नेहमी बरोबर, असं नाही हं. पापडाचा खर्च काढा. डाळ १,२४०, मसाला-तेल ३६०, पॅकिंग २००, माल १५ किलो. इथे १२४०+३६०+२००÷१५ दाबलं तर तो फक्त २०० ला भागतो अन् १,६१३.३३ सांगतो! कंस द्यायचा: (१२४०+३६०+२००)÷१५. उत्तर १२०. किलोमागे १२० रुपये खर्च, त्यावर भाव ठरवायचा. कंस विसरला तर भावच चुकतो.

आता दुरुस्ती. साध्यावर आकडा चुकला की पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात. यावर दाबलेलं सगळं वरच्या ओळीत दिसतं. बरोबरचं चिन्ह दाबून उत्तर आलं असलं, तरी डाव्या बाणाची कळ दाबा, गणित परत येतं. बारा नाही, अकराच जणींनी बचत दिली? बाणाने १२ मधल्या २ वर जा. कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएससारख्या दोन ओळींच्या मॉडेलवर तिथे १ दाबला की २ च्या जागी १ बसतो, उत्तर २,५५०. मधे नवा आकडा घुसवायचा असेल तर आधी शिफ्ट अन् मग डीईएल दाबा. ईएस मॉडेलवर उलटं आहे: नवा आकडा आपोआप मधे घुसतो, जुना आपणच डीईएलने खोडायचा.

‘सिंटॅक्स एरर’ आलं तर घाबरू नका, यंत्र बिघडलं नाही. चिन्ह कुठेतरी चुकलं असतं. बाण दाबा, चूक जिथे आहे तिथेच खूण लुकलुकते.

राजापेठेत स्टेशनरीच्या दुकानात घ्यायला गेलात, तर ३५०+१२×२०० तिथेच दाबून पाहा. अन् कॅल्क्युलेटर बंद केला की एमएसमधली जुनी गणितं पुसली जातात, म्हणून उत्तरासोबत पूर्ण गणितही नोंदवहीत लिहून घ्या.