दोन खुणांमधील मजकूर : संगणकावरील यादीतून नेमक्या ओळी निवडण्याची रीत

हैदराबादच्या नारायणगुडा भागात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली शिक्षणकार्य सुरू झाले. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळातील ते एक अग्रगण्य मराठी पुढारी. त्यांच्या नावाने चालणाऱ्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयात आज संगणकशास्त्र शिकविले जाते. हे शास्त्र शिकणाऱ्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो : हजारो ओळींच्या मजकुरातून दोन ठरावीक खुणांमधील ओळीच तेवढ्या कशा वेगळ्या काढाव्यात? वरकरणी हा प्रश्न विद्यार्थ्यांचा वाटतो. वस्तुतः महसूल कार्यालय, ग्रामपंचायत आणि शाळा यांच्या दप्तरांतही तो नित्य उद्भवतो.

समजा, तालुक्यातील अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांची यादी एकाच फाईलमध्ये आहे. प्रत्येक गावाच्या आरंभी ‘गाव’ हा शब्द व गावाचे नाव, आणि अखेरीस ‘गाव समाप्त’ अशी ओळ आहे. एका गावाची यादी चावडीवर लावावयाची आहे. हाताने उतरविताना नाव गळण्याचा संभव असतो. शेताची हद्द जशी बांधांनी ठरते, तशी येथे मजकुराची हद्द खुणांनी ठरते.

आज्ञा कशी द्यावी?

यासाठी ‘सेड’ आणि ‘ऑक’ ही दोन साधने प्रसिद्ध आहेत. दोन्ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात निर्माण झाली. सेड हे ली मॅकमहॉन यांनी रचले. १९७७ सालचे ऑक हे नाव आहो, वाइनबर्गर व कर्निहॅन या तिघा कर्त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. लिनक्स प्रणालीत ही साधने विनामूल्य उपलब्ध असतात.

सेडला ‘एन’ हा पर्याय देऊन प्रथम सर्व ओळींची छपाई थांबवावी. नंतर आरंभाची व अखेरची खूण तिरप्या रेघांमध्ये, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहावी आणि शेवटी छपाईदर्शक ‘पी’ हे अक्षर द्यावे. खुणा देवनागरीत चालतात; आज्ञेची अक्षरे मात्र रोमन असावी लागतात. अशा आज्ञेने मूळ फाईल बदलत नाही.

खुणांच्या ओळी वगळून केवळ नावे हवी असल्यास ऑक सोयीचे ठरते. त्याची रीत शाळेच्या झेंड्यासारखी आहे. अखेरची खूण दिसताच झेंडा उतरवावा. झेंडा वर असेल तर ओळ छापावी. आरंभाची खूण दिसताच झेंडा चढवावा. सूचना याच क्रमाने द्याव्यात. क्रम उलटल्यास खुणांच्या ओळीही छापल्या जातात.

चूक कोठे होते?

पहिली चूक अपुऱ्या खुणेची. ‘गाव वडगाव’ एवढेच लिहिले तर वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द या दोन्ही गावांच्या याद्या निघतात. म्हणून नाव पूर्ण द्यावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘गाव समाप्त’ ही ओळ एखाद्या ठिकाणी राहून गेली, तर संगणक थांबत नाही व तक्रारही करीत नाही. पुढील गावाची अखेर येईपर्यंत तो छापीत जातो, आणि शेजारच्या गावाची नावे या गावाच्या यादीत येतात. यादीतील गाव शेवटचे असेल तर फाईल संपेपर्यंत छपाई चालते. यास्तव ‘ग्रेप’ या साधनाला ‘सी’ पर्याय देऊन दोन्ही खुणांच्या ओळी आधी मोजाव्यात. संख्या जुळत नसल्यास प्रथम फाईल दुरुस्त करावी.

तिसरी अडचण लिपीची. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती निराळीच चिन्हे असतात. अशा फाईलमध्ये युनिकोडमधील खूण सापडत नाही व उत्तर कोरे येते. कोरे उत्तर म्हणजे ‘नोंद नाही’ असा अर्थ कदापि घेऊ नये.

एका ओळीमागे एका कुटुंबाचा हक्क असतो. संगणक सांगितलेल्या हद्दीतच शोधतो. हद्द बरोबर सांगण्याचे दायित्व माणसाचेच राहते. निघालेल्या ओळी मोजून त्या मूळ नोंदीशी ताडून पाहाव्यात, आणि मगच यादीवर सही करावी.