इंडियन ह्यूम पाइप कंपनी : काँक्रीट पाइप उद्योगाची वाटचाल

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात ओढ्यावरील मोरीसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळ्यांना ‘ह्यूम पाइप’ असेच म्हटले जाते. हे नाव एका ऑस्ट्रेलियन संशोधकाचे आहे आणि ते भारतात एका मराठी मुलखातील उद्योजकाने रुजविले, ही बाब मात्र फारशी परिचित नाही. वालचंद हिराचंद यांचे नाव घेतले की जहाज, विमान व मोटार हे उद्योग आठवतात. त्यांच्या काँक्रीट पाइपच्या उद्योगाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. वस्तुतः नागरी पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेशी या उद्योगाचा थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखात इंडियन ह्यूम पाइप कंपनीची वाटचाल, तिच्या उत्पादनामागील तंत्र आणि तिच्यासमोरील आव्हाने यांचा आढावा घेतला आहे.

ह्यूम प्रक्रियेचा उगम

वॉल्टर ह्यूम (१८७३–१९४३) व त्यांचे बंधू अर्नेस्ट हे ऑस्ट्रेलियात लोखंडी कुंपणे तयार करण्याचा व्यवसाय करीत. १९१० मध्ये वॉल्टर ह्यूम यांनी काँक्रीटचे पाइप साचा फिरवून तयार करण्याची पद्धत शोधून काढली. तोपर्यंत असे पाइप उभ्या साच्यात काँक्रीट ठासून केले जात. त्यांच्या भिंतीत पोकळ्या राहत आणि पाणी झिरपत असे.

ह्यूम यांच्या पद्धतीत पोलादी साचा आडवा ठेवून रुळांवर फिरवितात. साच्यात आधी सळयांचा पिंजरा बसवितात व नंतर काँक्रीट सोडतात. गती वाढविली की केंद्रोत्सारी बलामुळे काँक्रीट साच्याच्या भिंतीवर घट्ट दाबले जाते आणि जादा पाणी आतल्या पोकळीकडे बाहेर पडते. काँक्रीटमध्ये पाणी जितके कमी राहील तितके ते घन व बळकट होते, हे या पद्धतीमागील मूलतत्त्व होय. पाइपचा अंतर्भागही गुळगुळीत होत असल्याने पाण्याच्या प्रवाहास अडथळा कमी होतो.

भारतातील स्थापना

सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी रेल्वेची कंत्राटे घेऊन व्यवसायास प्रारंभ केला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या बांधकाम संस्थेने केली. मोठ्या कामांना लागणारे साहित्य देशातच तयार झाले पाहिजे, ही गरज त्यांना कंत्राटदारीतूनच जाणवली असणे स्वाभाविक होते. १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन झाली. २०२६ हे तिच्या स्थापनेचे शताब्दी वर्ष होय.

हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर अनेक कारखाने निघाले. परिणामी १९२०–३० या दशकाच्या मध्यास मागणीपेक्षा उत्पादन अधिक झाले व किमतींची जीवघेणी स्पर्धा सुरू झाली. सिमेंटचा वापर वाढावा म्हणून १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९३६ मध्ये दहा कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ए.सी.सी. उदयास आली. देशात सिमेंट मुबलक असताना बिडाच्या महागड्या पाइपांना सिमेंटचा पर्याय देणारी कंपनी त्या काळाच्या गरजेतून निर्माण झाली, असे म्हणता येईल.

अवजड मालाचे अर्थकारण

या उद्योगाची रचना मालाच्या वजनाने ठरविली आहे. १००० मिलिमीटर अंतर्व्यासाचा, ११५ मिलिमीटर जाडीचा आणि अडीच मीटर लांबीचा एक पाइप सुमारे अडीच टनांचा होतो. दहा टन माल नेणाऱ्या मालमोटारीत असे चारच पाइप मावतात. एक किलोमीटर वाहिनीस ४०० पाइप, म्हणजेच अशा शंभर खेपा लागतात. अंतर वाढले की वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीस गाठू लागतो.

त्यामुळे एकाच ठिकाणी प्रचंड कारखाना उभारून देशभर माल पाठविणे या धंद्यात परवडत नाही. वाळू व खडी स्थानिक पातळीवर मिळते. सिमेंट, पोलाद व साचे तेवढे बाहेरून आणावे लागतात. म्हणून कंपनीने देशाच्या निरनिराळ्या भागांत कारखाने काढले. मोठ्या योजनेच्या जवळ उत्पादन सुरू करणे व काम संपल्यावर ते आवरते घेणे, हा या व्यवसायाचा स्वभावच बनला. अशा ठिकाणी मिळणारा रोजगारही योजनेच्या आयुष्याशी बांधलेला राहतो, ही या रचनेची दुसरी बाजू दुर्लक्षिता येणार नाही.

उत्पादनांचा विस्तार व प्रमाणीकरण

काँक्रीट दाब उत्तम सहन करते, परंतु त्याची ताण सहन करण्याची शक्ती दाबशक्तीच्या साधारण एक दशांशच असते. पाइपमधील पाण्याचा दाब त्याच्या भिंतीस परिघाच्या दिशेने ताणतो. म्हणूनच साधा ह्यूम पाइप मोरीस व सांडपाण्यास योग्य ठरला, तरी उच्च दाबास अपुरा पडला. त्यावर पूर्वप्रतिबलित, म्हणजेच व्यवहारात ज्याला प्रीस्ट्रेस्ड म्हणतात अशा काँक्रीटने उपाय दिला. यात पाइपच्या गाभ्याभोवती उच्च ताणशक्तीची पोलादी तार ताणून गुंडाळतात. पाणी येण्यापूर्वीच काँक्रीट दाबलेल्या स्थितीत राहते, त्यामुळे पाण्याचा ताण प्रथम तो दाब कमी करण्यातच खर्ची पडतो. तारेच्या संरक्षणासाठी वरून सिमेंटच्या मसाल्याचा थर देतात. पूर्वप्रतिबलित पाइप, पोलादी पत्र्याच्या नळकांड्यावर सळई गुंडाळलेले पाइप आणि रेल्वेचे काँक्रीट स्लीपर अशी उत्पादने कंपनीने पुढे घेतली.

भारतीय मानक ४५८ ने काँक्रीट पाइपांची प्रतवारी निश्चित केली. बिनदाबाच्या वाहिन्यांसाठी एन.पी. १ ते एन.पी. ४ आणि दाबाच्या वाहिन्यांसाठी पी. १ ते पी. ३ असे वर्ग आहेत. पी. १, पी. २ व पी. ३ या पाइपांची चाचणी अनुक्रमे सुमारे २०, ४० व ६० मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाखाली होते. ‘ह्यूम पाइप’ हे सामान्यनाम झाल्यामुळे कोणत्याही कारखान्याचा माल त्याच नावाने विकला जातो. अशा स्थितीत ग्रामपंचायतीसारख्या खरेदीदारास पाइपवरील वर्ग व मानकचिन्ह हाच विश्वासाचा आधार उरतो.

आव्हाने

काँक्रीटच्या मैलावाहिन्यांचा मोठा शत्रू वाहिनीतच जन्मतो. तुंबलेल्या सांडपाण्यात जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वाहिनीच्या ओलसर छतावर त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर होते व ते सिमेंटला खाऊ लागते. पाइप बाहेरून अखंड दिसतो, आतून मात्र झिजत जातो. पुरेसा उतार, वायुवीजन आणि अंतर्भागास प्लास्टिकचे अस्तर हे त्यावरील उपाय आहेत.

दुसरे आव्हान पर्यायी मालाचे आहे. डक्टाइल लोखंड आणि एच.डी.पी.ई. हे पाइप हलके, लांब व कमी सांध्यांचे असल्याने अनेक योजनांत त्यांना पसंती मिळाली. कंपनीने केवळ पाइप विकण्याऐवजी जलशुद्धीकरण, साठवण टाक्या व वितरणव्यवस्था यांसह संपूर्ण पाणीपुरवठा योजना उभारून देण्याकडे मोर्चा वळविला. उत्पन्नाचा मोठा हिस्सा अशा कंत्राटांतून येऊ लागला. त्यामुळे शासकीय संस्थांकडून देयके मिळण्यातील विलंब हा कच्च्या मालाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो. शहरे वाढत कारखान्यांपर्यंत पोहोचली, तशा पुण्यातील हडपसर व दिल्लीतील बदरपूर येथील जमिनीही बांधकाम विकासासाठी घेण्यात आल्या.

समारोप

मालाचे वजन, स्थानिक साहित्य आणि सार्वजनिक कामांची मागणी या तीन घटकांनी या उद्योगास आकार दिला. परकीय तंत्र स्वीकारून ते येथील खडी, वाळू व मनुष्यबळाशी जुळविणे हे त्याच्या यशाचे गमक होते. कंत्राटदारीतून उत्पादनाकडे आलेल्या संस्थापकाची कंपनी पुढे उत्पादनाकडून पुन्हा कंत्राटदारीकडे वळली, ही तिच्या इतिहासातील लक्षणीय बाब होय. जमिनीखाली गेलेला पाइप पुन्हा कोणी पाहत नाही. त्याची गुणवत्ता कारखान्यातील चाचणीच्या दिवशीच ठरते आणि तिचे परिणाम पुढील पिढ्या भोगतात. म्हणूनच या उद्योगाचे मूल्यमापन विक्रीच्या आकड्यांबरोबरच त्याच्या वाहिन्यांनी दिलेल्या सेवेच्या वर्षांवरूनही व्हावयास हवे.