माप, साचा, पाय

तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय, तिथं कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर. सकाळचे नऊ, आणि पत्रा आत्ताच तापलाय. भिंतीला कुबड्या टेकवून ठेवल्यात. रांग लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची आहे. पुढचा आत गेला की सगळी रांग एकेक खुर्ची सरकते. ज्यांना उठणंच अवघड, त्यांना दर पाच मिनिटांनी उठावं लागतंय.

मांडीवर पिशव्या. पिशवीत आधार कार्ड, अपंगत्वाचा दाखला, भाकरी.

"कशानं गेला?"

"शुगरनं. अंगठ्याला जखम झाली, ती वर चढली. तुमचा?"

"उसाच्या ट्रॉलीखाली."

आत माप चाललंय. तंत्रज्ञ गुडघ्याखाली उरलेल्या पायावर सुती मोजा चढवतो, हाडाच्या जागा पेन्सिलीनं खुणावतो, मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतो. "पाय सैल सोडा, काका." प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. काका दचकतात, मग हसतात.

मागच्या अंगणात भट्टी. तिथं उभं राहवत नाही. प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ होतो आणि दोघं मिळून तो प्लास्टरच्या साच्यावर ओढून बसवतात. हे झालं सॉकेट, उरलेला पाय यात बसतो. खाली रबरी पाऊल. 1968 मध्ये जयपुरात हे पाऊल घडलं, ते आपल्या जगण्याकडे बघून. यावर बूट लागत नाही, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं.

दुपार. दोन दांड्यांच्या मधे एक बाई नव्या पायावर उभ्या आहेत. नजर खाली, मुठी आवळलेल्या.

"मावशी, समोर बघा. टाच आधी टेकवा."

एक पाऊल. थांबतात. दुसरं. रांगेतली बोलणी बंद झालीत. टोकाला पोचल्यावर त्या एवढंच विचारतात, "खुरपायला बसता येईल ना?"

बसता येईल. पण पुढच्या काही महिन्यांत उरलेला पाय बारीक होत जाणार, सॉकेट सैल पडणार, टोचणार. तेव्हा जादा मोजा घालायचा, रोज रात्री कातडी तपासायची. शुगरवाल्यांनी तर आरसा धरून. त्यांना जखम कळत नाही. तंत्रज्ञ हे पंख्याच्या आवाजावर ओरडून सांगतोय. किती जणांपर्यंत पोचतंय, कोण जाणे.

दारापाशी नोंदवही उघडी आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, त्यातले जवळजवळ 30 लाख महाराष्ट्रात. इथं त्यातलं एकेक नाव लिहिलं जातंय. काही जण दुसऱ्यांदा आलेत. एकाच्या पिशवीत जुना पाय आहे, जवळजवळ कोराच. सॉकेट सैल झालं, दाखवायला जिल्ह्याला जायचं, एसटीची पायरी चढवेना. पाय पलंगाखाली गेला.

संध्याकाळी भट्टी टेम्पोत चढते. सामान निघून जातं.

सॉकेट नीट करणारा तंत्रज्ञ आणि चालायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एक दिवस तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसले पाहिजेत. शिबिर भरवणाऱ्यांनी पुढची तारीख ठरवण्याआधी एवढी सोय करावी.