टेकडीची वाट

उदगीरजवळच्या देवर्जनचे हत्तीबेट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सभोवती पाणी नाही, तरी बेट! १९४८च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, त्याआधी इथे स्वातंत्र्यसैनिक रझाकारांशी लढले. तिथे आज वर जाण्याची सोय आहे. पण मुखेड-कंधारकडच्या बिननावाच्या टेकड्यांचे काय?

आमच्या लहानपणी शेळ्या आणि मोळीवाल्या बाया रोज चढत. वाट आपोआप राही. पुढे घरोघर गॅस आला, शेळ्या घटल्या आणि घाणेरी माजली. ही मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी शोभेसाठी आणलेली. गुरे तिला तोंड लावत नाहीत. पाखरे मात्र फळे खाऊन बी रानभर टाकतात.

गेल्या माघात आमच्याच टेकडीच्या पायथ्याशी तासभर हिंडलो. सदरा फाटला, वाट सापडेना. शेवटी एक म्हातारा गुराखी भेटला.

‘भाई, समोरून नका जाऊ, वघळीनं जा.’

वघळ म्हणजे पावसाच्या पाण्याने कोरलेली ओघळ. तिथली माती वाहून खडक उघडा पडतो, झुडपे विरळ राहतात. पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकू नये. तिथवर जायला कुणाचा तरी बांध ओलांडावा लागतो. ज्वारी उभी असेल तर मालकाला विचारावे. हाती काठी असावी, ती आपटत चालावे. आणि वाटेसाठी गवत पेटवू नका, हात जोडतो! घाणेरी बुडख्यातून पुन्हा फुटते, जळतात ती लहान रोपे.

म्हातारा निम्म्यापर्यंत आला. गुडघे धरून बसला. ‘पोरगं पुण्याला हाय,’ म्हणाला, आणि पुढची वाट काठीनेच दाखवली.